सरकती शांतता

प्रणोती मगदूम आवाजाने कधीच जागी व्हायची नाही. ती जागी व्हायची आवाज थांबला की. ज्यांचं बालपण इचलकरंजीत गेलंय त्यांना यात काही नवल वाटणार नाही. घराखाली माग, शेजारी माग, मागच्या गल्लीत माग, आणि दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका, सारखी खटखट. पाव्हणे आले की बिचारे रात्रभर कुशी बदलत पडायचे आणि घरची मंडळी खुशाल घोरायची. पण एखादा माग बंद पडू दे, नाहीतर लाईट जाऊ दे, तिचे वडील आप्पा ताडकन उठून बसायचे, आणि त्यांच्या मागोमाग अख्खं घर. काय झालं म्हणून कुणी विचारायचंसुद्धा नाही. काहीतरी थांबलंय, एवढं सगळ्यांना कळलेलं असायचं.

त्यामुळे लाटव्हियाच्या पूर्व टोकाला, एझेरमाला नावाच्या तळ्याकाठच्या गावात, प्रणोती पहिल्यांदा मुक्कामाला आली तेव्हा ढाराढूर झोपली. मे महिना होता. तळ्यातल्या बेडकांनी नुसता उच्छाद मांडला होता. तिच्याबरोबर राजधानीहून आलेले दोन इंजिनियर सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी नाश्त्याला बसले आणि बेडकांच्या नावाने बोटं मोडायला लागले. प्रणोतीने घावनासारखं काहीतरी तोंडात कोंबत विचारलं, कुठले बेडूक? घरमालकीण झिंत्रा एवढी हसली की तिला खुर्ची धरून बसावं लागलं. तिथून त्या दोघींचं जमलं ते जमलंच.

झिंत्रा साठी ओलांडलेली, एकटी, चार गाईंची मालकीण. प्रणोती तिला पहिल्याच आठवड्यात मावशी म्हणायला लागली, आणि त्याचा अर्थ आईची बहीण असा आहे हे कळल्यावर झिंत्रानेही आढेवेढे घेतले नाहीत. 'प्रणोती' तिच्या जिभेवर बसेना, म्हणून ती 'पनू' म्हणायची. घरीही तिला पनूच म्हणायचे, हा आपला योगायोग.

आता ही इचलकरंजीची पोरगी त्या आडगावात काय करत होती? तर कान बसवत होती. सीमेपलीकडून येणारे ड्रोन ही युरोपातल्या मित्रराष्ट्रांची डोकेदुखी होऊन बसली होती. कधी चुकून आले म्हणायचं, कधी वाट चुकले म्हणायचं, पण येत होते. सुरुवातीला त्यांच्या मागे लढाऊ विमानं धाडली गेली. पण लाकडाचं आणि फोमचं खेळणं पाडायला सोन्यासारखं क्षेपणास्त्र खर्ची घालायचं, हे किती दिवस परवडणार? मग सगळ्यांनी मिळून शहाणपणाची गोष्ट केली. फिनलंडपासून रुमानियापर्यंत रस्त्यांच्या कडेला खांब उभे केले आणि खांबांवर मायक्रोफोन. प्रत्येक इंजिनाचा, प्रत्येक पंख्याचा स्वतःचा एक सूर असतो. हजारो कान एकत्र ऐकायला लागले की तो सूर कुठून कुठे चाललाय हे नकाशावर काढता येतं. त्या सुराच्या वाटेवर छोटे ड्रोन सोडायचे, ते वरून जाळं टाकतात आणि सावज खाली आणतात. या छोट्या ड्रोनना सगळे ससाणे म्हणायचे. प्रणोती ध्वनिशास्त्रात पीएच.डी. होती आणि या कानांना ऐकायला शिकवणं हे तिचं काम. दोन वर्षं कानांचं हे जाळं झकास चाललं.

मग आले मुके. पलीकडच्यांनी काय केलं, तर लांबच लांब पंखांची प्लायवूडची विमानं बनवली. सीमेपलीकडे, स्वतःच्याच हद्दीत, ती उंच चढवायची आणि तिथेच इंजिन बंद करायचं. पुढचा सगळा प्रवास घारीसारखा तरंगत, वाऱ्यावर. रडारला प्लायवूड नीट दिसत नाही, एखादा ठिपका लुकलुकतो आणि विझतो. आणि कानांना तर काहीच ऐकू येत नाही. मागच्या शरदात असाच एक मुका वीज उपकेंद्रावर येऊन आदळला आणि अख्खा जिल्हा आठवडाभर अंधारात बसला. मित्रराष्ट्रांची बैठक झाली, खडाजंगी झाली आणि निर्णय झाला. मे संपायच्या आत मुक्यांवर तोड निघाली नाही तर सीमेलगतचा पट्टा रिकामा करायचा. त्या पट्ट्यात एझेरमाला होतं. झिंत्राचं घर होतं, गोठा होता, नवऱ्याची कबर होती.

झिंत्राने हे ऐकलं आणि गाईंना पेंड घालायला निघून गेली. परत आल्यावर एवढंच म्हणाली की ती कुठेही जाणार नाही. प्रणोतीच्या तोंडून निघून गेलं, "जाऊ देणार नाही, मावशी." बोलून गेली खरी. पण तोड तिच्याकडे नव्हती.

तोड सापडली ती तळ्याच्या धक्क्यावर, पाय पाण्यात सोडून बसलेली असताना. संध्याकाळ होती. बेडकांचं रोजचं कीर्तन रंगात आलं होतं आणि प्रणोतीला डुलकी लागली होती. एकाएकी ती दचकून ताठ बसली. माग बंद पडला, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. मग लक्षात आलं, समोरच्या लव्हाळ्यांतले बेडूक गप्प झाले होते. ती वर बघते तर एक ससाणाच, पण खराखुरा, पंख न हलवता तळ्यावरून सरकत चाललेला. तो जसजसा पुढे जाई, तसतसे त्याच्याखालचे बेडूक चिडीचूप होत आणि मागचे पुन्हा सुरू होत. आवाजाच्या गोधडीत पडलेलं एक भोक पाण्यावरून चालत गेलं.

त्या रात्री जेवतानाही ती हवेत बोटांनी रेघा ओढत होती. आजवर आपण आवाज शोधत होतो. मुक्याला आवाज नाही, बरोबर. पण त्याच्या पंखाखालची हवा दबते, सावली पडते, आणि ज्याला खाल्लं जायची भीती आहे असा प्रत्येक जीव ती ओळखतो. बेडूक, पक्षी, रातकिडे, सगळे. तेव्हा आवाज शोधूच नका. जिथे आवाज असायला हवा आणि नाही, ती जागा शोधा. अशी एक जागा म्हणजे काहीही असू शकतं, एखादा बगळाही. पण तीच शांतता एका सरळ रेषेत, वाऱ्याच्या वेगाने सरकत असेल, तर तो बगळा नव्हे.

प्रणोतीने कानांमागच्या यंत्राला ही सरकती शांतता ओळखायला शिकवलं आणि पोलंडच्या एका तुकडीने चाचणीसाठी बिनइंजिनाचं विमान सोडलं. यंत्राने नकाशावर त्याची वाट अशी काही काढली की खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियंत्रण कक्षाचे प्रमुख होते डेन्मार्कचे मेजर होल्स्ट, मोजकं बोलणारे आणि नियमाला पक्के. त्यांनी एक अट घातली. एका रेषेत तीन जागा ओळीने गप्प झाल्याशिवाय ससाणे सुटणार नाहीत. शेजारच्या देशात एक हौशी ग्लायडरवाला ससाण्यांच्या जाळ्यातून थोडक्यात वाचला होता आणि त्यांना तसं पुन्हा घडायला नको होतं. आणि या तिन्हींपैकी एखाद्या जागेची साक्ष यंत्राऐवजी माणसाचीही चालेल, पण त्या माणसाने ती आपल्या नावावर द्यायची, असंही त्यांनी ठरवलं.

इथवर सगळं छान होतं. घोळ झाला तो गाण्यामुळे.

त्या भागात रस्त्याच्या कडेला जागोजागी मोठे लाकडी क्रूस आहेत. मे महिन्यात रोज संध्याकाळी गावकरी क्रूसाला बर्च झाडाच्या डहाळ्या बांधतात आणि त्याच्यासमोर उभं राहून मरियमेची गाणी म्हणतात. झिंत्रा तर एझेरमालाच्या क्रूसापाशी पहिल्या रांगेत. डोळे घट्ट मिटून गायची. एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे बाकीचे थांबले तरी हिचं शेवटचं अक्षर चालूच. पोरंसोरं हसायची, ती डोळे मिटलेलेच ठेवायची. चाचणीनंतर दुसऱ्याच दिवशी गाणं संपवून बायका तळ्याच्या कडेकडेने घरी निघाल्या, वारा त्या दिवशी मंद, त्यांच्या चालीएवढाच, चालता चालता त्यांच्यामुळे बेडूक गप्प होत गेले, आणि यंत्राला वाटलं, मुका! ससाणे बायकांच्या डोक्यावर येऊन घिरट्या घालायला लागले. जाळं पडलं नाही हे नशीब. मेजर होल्स्टनी त्याच संध्याकाळी हुकूम काढला, तळ्याकाठी जमणंच नको, गाणं बंद.

तो हुकूम सांगायला प्रणोतीलाच जावं लागलं. झिंत्राने सगळं ऐकून घेतलं, भांडली नाही. "माझ्या लहानपणी यावर सरकारची बंदी होती," ती म्हणाली. "तेव्हाही आम्ही गायलो, हळू आवाजात. आता तुझ्या यंत्रासाठी गप्प बसायचं?" गाव वाचवायचं असेल तर हो, एवढंच प्रणोती पुटपुटली. झिंत्रा राजी झाली. पण त्या दिवसापासून ताटात सूप यायचं आणि शब्द यायचा नाही. जे काय बोलायचं ते गाईंशी. प्रणोतीला फार लागलं ते. रोज फोनवर आप्पा विचारायचे, जेवलीस का, आणि ती म्हणायची जेवले, पण घास गिळताना काय वाटतं हे तिने सांगितलं नाही.

आणि मग थंडी पडली.

मेच्या मध्यावर तिथे कधीकधी हिवाळा मागे वळून बघतो. सकाळी गवतावर दहिवर पांढरं पडलं आणि संध्याकाळपर्यंत तळ्यावर स्मशानशांतता. बेडूक गारठले की पाण्याखाली जाऊन बसतात आणि रातकिडे तर अजून जन्मायचे होते. जिथे आवाजच नाही तिथे भोक कसलं पडणार? प्रणोतीचं यंत्र ठार बहिरं झालं. हवामानाचा अंदाज काय, पलीकडच्यांनाही वाचता येतो. वारा पूर्वेकडून होता. दुपारी सीमेपलीकडे तीन लांब पंखांची विमानं उंच चढताना दिसली आणि इंजिनं बंद करायच्या आत परत फिरली. सराव चालला होता. खरं काम संध्याकाळी होणार हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मेजर होल्स्टनी ट्रक मागवायचं ठरवलं. गाव उद्या सकाळी हलवायचं. ते म्हणाले, डॉक्टर मगदूम, तुमची कल्पना चांगली आहे, पण ती बेडकांच्या मर्जीवर चालते. तिला राग आला नाही, कारण ते खरं होतं. ती खिडकीतून बघत राहिली. रस्ता सीमेकडून थेट तळ्याच्या दरीतून येतो. वारा आणि मुके दोघंही त्याच दरीने येणार. रस्त्याच्या कडेला क्रूस, एकामागे एक, एका ओळीत. प्रत्येकाशेजारी तिचाच खांब. तिने टोपी उचलली आणि सायकल काढली.

झिंत्रा गोठ्यात होती. प्रणोतीने काहीही लपवलं नाही. आज मुके येतील, डोक्यावरून जातील, आत स्फोटकं असतील. यंत्राला ऐकायला काहीतरी आवाज हवाय आणि बेडूक नाहीत. सीमेपासून इथपर्यंत प्रत्येक क्रूसापाशी माणसं गात उभी राहिली, तर ज्यांच्या डोक्यावर तो येईल ती गप्प होतील. फोन काढून कळवायला वेळ लागतो, माणूस आधी बघतो, शंका घेतो, मग बटण दाबतो. गप्प व्हायला वेळ लागत नाही. ज्यांना भीती वाटते त्यांनी येऊ नये, तिने दोनदा सांगितलं.

झिंत्राने हात पुसले. कितीतरी दिवसांनी ती प्रणोतीकडे बघून हसली. "गातच होतो की आम्ही," ती म्हणाली. "बंद तू केलंस."

मेजर होल्स्टना पटवायला त्यामानाने जास्त वेळ लागला. सामान्य माणसांना उघड्यावर उभं करायचं? प्रणोती म्हणाली की ती माणसं तशीही तिथेच राहतात, मुके तसेही त्यांच्या डोक्यावरूनच जातात. आज फरक एवढाच की त्यांना कुणीतरी ऐकत असेल. शेवटी मेजरनी ट्रकवाल्यांना थांबायला सांगितलं. ससाणे मात्र सज्ज ठेवले.

मेमध्ये तिथे संध्याकाळ संपता संपत नाही. स्वच्छ उजेडात माणसं क्रूसापाशी जमली. कुणी घोंगड्या पांघरून, कुणी ट्रॅक्टरवरून, आणि फोनाफोनी एवढी झाली होती की एरवी न येणारेही आले. कक्षातल्या पडद्यावर एकेक क्रूस हिरवा झाला, हिरवा म्हणजे गातोय. पोलंडचा जवान, नेदरलँड्सची मुलगी, लाटव्हियाचे दोघं, सगळे पडद्याकडे टक लावून बसले. प्रणोतीने कानावर हेडफोन चढवला.

रडारवर एक ठिपका लुकलुकला आणि विझला. सीमेजवळचा पहिला क्रूस लाल झाला. तिथली माणसं गायची थांबली होती. मग पहिला पुन्हा हिरवा झाला आणि दुसरा लाल. वेग जुळत होता, रेष जुळत होती. आता तिसरा, एझेरमालाचा. पाठीमागे, तळ्याच्या वरच्या अंगाला, दुरुस्त केलेलं वीज उपकेंद्र.

तिसरा क्रूस हिरवाच राहिला.

यंत्राने हिशेब केला आणि रेष पुसून टाकली. दोन जागी योगायोगाने थांबले असतील, वाऱ्याने आवाज गेला असेल, असं त्याचं म्हणणं पडलं. मेजर होल्स्टचा हात ससाण्यांच्या बटणापासून मागे सरकला. नियम म्हणजे नियम.

प्रणोतीने डोळे मिटून एझेरमालाचा खांब कानाला लावला. गाणं चालू होतं खरं. पण त्यात गाव नव्हतं. पुरुषांचे खर्जातले आवाज नव्हते, पोरांची किणकिण नव्हती. एकच आवाज, जाडाभरडा, अर्धा ठोका मागे, जगाची पर्वा न करता ओळीच्या शेवटाकडे निघालेला. यंत्राला आवाज म्हणजे आवाज. तिला मात्र तो ओळखू आला.

"मेजर, तिथे एकटीच गातेय," ती म्हणाली. "बाकी सगळे गप्प झालेत. ती डोळे मिटून गाते आणि तिला कमी ऐकू येतं. तिने वर बघितलेलंच नाही."

"तुम्हाला खात्री आहे?"

"मी तिच्या घरात राहते. तिसरी साक्ष माझी. माझ्या नावावर लिहा."

मेजरनी तिच्याकडे एकदाच बघितलं आणि बटण दाबलं.

धान्याच्या कोठाराच्या छपरावरून ससाणे उडाले. नकाशावर मुक्याची पुसलेली रेष प्रणोतीने हाताने पुढे ओढली आणि ससाणे त्या रेषेच्या टोकाशी जाऊन थांबले. तिथे तो होता, राखाडी, लांब पंखांचा, उपकेंद्राच्या दिव्यांकडे नाक करून उतरत असलेला. जाळं उघडलं. पंख गुंडाळले गेले आणि तो प्लायवूडचा सांगाडा तळ्याच्या उथळ कडेला, लव्हाळ्यांत, धपकन पडला. फुटला नाही. दुसरा आणि तिसरा मुका पाठोपाठ आले, पण तोवर गाव सावध झालं होतं आणि प्रणोतीही. यंत्राला तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, एक आवाज राहिला तरी ती जागा गप्पच धर. ते दोघंही पाण्यात गेले. नेदरलँड्सची मुलगी रडायला लागली आणि पोलंडच्या जवानाने तिला घट्ट मिठी मारली. मेजर होल्स्टनी आपल्या हाताने प्रणोतीसाठी कॉफी आणली. त्यात साखर घालायला ते विसरले, तिनेही सांगितलं नाही.

ट्रक रिकामेच परत गेले. पट्टा रिकामा करायचा निर्णय महिनाअखेर रद्द झाला. थंडी ओसरली, बेडूक आले, आणि बेडकांना जोड म्हणून गाव कुठे कुठे गात असतं याची नोंद कानांच्या जाळ्यात कायमची झाली. गाणं आता नको असलेला गोंगाट राहिलं नाही, कानाचाच भाग झालं. एकट्या आवाजाला शांतता धरायची ती सूचना पुढे सगळ्या देशांच्या यंत्रांत गेली. फिनलंडपासून रुमानियापर्यंत इंजिनियर तिला 'झिंत्रा' म्हणतात आणि हा कुठला तांत्रिक शब्द असावा म्हणून डोकं खाजवतात.

आप्पांना तिने फोनवर सगळं सांगितलं. त्यांच्या मागे माग खटखटत होते. ते म्हणाले, "म्हणजे सगळे माग बंद पडले आणि एक चालू राहिला, तर उठायचं का नाही, असा घोळ झाला म्हण की." अगदी तसंच, ती म्हणाली, आणि दोघंही हसत बसले.

मुके पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती झिंत्राबरोबर क्रूसापाशी गेली. वाटेत तिने मावशीला हळूच सांगितलं की काल तुझ्यामुळे मुका सुटलाच होता. सगळं गाव थांबलं, डोक्यावरून बॉम्ब चालला होता, आणि तू गातच राहिलीस. एकदा तरी डोळे उघडायचे.

झिंत्राने डहाळी क्रूसाला बांधली, गाठ ओढून बघितली.

"कडवं अर्धं राहिलं होतं, पनू," ती म्हणाली, आणि डोळे मिटून गायला लागली.